सहा फुटांचं नाव

माझ्या मामांचं नाव आता छापून येतं. चित्रं हलवणारा आपल्या भागातला पहिला माणूस, असं त्यांच्याबद्दल लिहितात, आणि ते खरंही आहे. मध्यंतरी मुंबईहून दोन तरुण मुलं माझ्याकडे आली, एकाच्या गळ्यात कॅमेरा आणि दुसरीच्या हातात वही. मामांच्या पाच मिनिटांच्या फिल्मची जुनी प्रत त्यांना कुठल्याशा सरकारी गोदामात सापडली होती. मुलगी चांगली होती, पण तिच्या वहीत माझ्याशी बोलण्याआधीच एक ओळ लिहून तयार होती: ‘घरच्या मंडळींनी मदत केली.’ मी विचारलं, घरची मंडळी म्हणजे कोण? ती म्हणाली, नावं मिळत नाहीत. मी म्हटलं, मी सांगते ना, लिही. तर म्हणते, आजी, काही पुरावा आहे का? माझा स्वभाव बऱ्हाणपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. चहा अर्धा कपात असतानाच मी दोघांना बाहेर काढलं. ती गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मला पश्चात्ताप झाला आणि मी हाका मारून परत बोलावलं, पण चहा संपवण्यापलीकडे बोलणं काही झालं नाही. त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

मी मूळची फोपनारची. वडिलांची केळीची बाग होती. आई लवकर गेली, आणि गावात मुलींना शिकायची सोय चौथीच्या पुढे नव्हती, म्हणून वडिलांनी मला बऱ्हाणपुरात आईच्या भावाकडे ठेवलं. दर आठवड्याला बागेतून गाडी यायची. तिच्यातले घड मामांच्या ओट्यावर उतरवून व्यापाऱ्याला द्यायचे. मामांना भाव करता येत नसे. व्यापारी म्हणेल तो भाव मामा मान्य करत आणि वर त्याला पाणी विचारत. मी बारा वर्षांची असताना एकदा मध्ये पडले आणि घसा बसेपर्यंत त्या माणसाशी भांडले. त्यानं मुकाट्यानं भाव वाढवला. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, की बोलणी इंदू करणार. माझा एकच नियम होता, आणि तो आज माझ्या वह्यांच्या कारखान्यातही चालतो: बोलणी चालू असताना आपल्या बाजूच्या दुसऱ्या माणसानं तोंड उघडायचं नाही. एक जण मऊ पडला की समोरच्याला लगेच वास लागतो.

मामा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. उंच, वाकलेले, बोटांना कायम शिसपेन्सिलीची काळी चमक. बोलायची वेळ आली की ते आधी गळ्यावरून हात फिरवत, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून जाई. त्यांच्या लग्नातली गोष्ट मामी फार रंगवून सांगायची. घास भरवताना नवऱ्या मुलानं उखाण्यात बायकोचं नाव घ्यायचं. बायकांनी मामांना घेरलं, नाव घ्या, नाव घ्या. मामांनी गळ्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. पंगत खोळंबली, वरणावर साय आली. शेवटी घास ताटात ठेवून नवरदेव जे उठले ते थेट जानवसघरी. "सगळ्यांसमोर लाडू हातात घेऊन मी बसलेली," मामी हसत म्हणायची, "आणि हे गायब. आजपर्यंत माझं नाव यांच्या तोंडून नाही ऐकलं मी. अगं, ऐकलंस का, जरा इकडे बघ. बस्स, हीच माझी नावं." हसताना ती पदर तोंडाला लावायची. मी तेव्हा तिच्या डोळ्यांकडे कधी नीट पाहिलं नाही.

चित्रं हलवायचं वेड मामांना कुठून लागलं ते कुणालाच माहीत नाही. शाळेतल्या जुन्या वह्यांच्या कोपऱ्यात ते एकेका पानावर एकेक थेंब काढत, मागच्या पानापेक्षा जरासा खाली, आणि मग अंगठ्यानं पानं सोडत. फर्रर्र असा आवाज होई आणि थेंब खाली उतरे. मला तो आवाज अजून झोपेत ऐकू येतो. समोरच्या मोहल्ल्यात दिवसभर मागांची खटखट चाले, आणि त्या खटखटीच्या मधूनच कुठेतरी ही फर्रर्र. पुढे त्या थेंबाचीच गोष्ट झाली. सातपुड्यातलं पाणी जमिनीखालून एका कुंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं शहरापर्यंत येतं, ते आम्ही लहानपणापासून पीत आलो. विहिरीसारख्या खोल कुंडीच्या तोंडातून खाली वाकून पाहिलं की आत गार अंधार, आणि फार खाली आकाशाचा एक गोल तुकडा हलताना दिसतो. मामांना वाटलं, डोंगरावर पडलेल्या एका थेंबाच्या मागोमाग चालत जावं. वर उजेड, मग अंधार, मग कुंडीच्या तोंडापाशी उजेड, पुन्हा अंधार, आणि शेवटी कुणाच्या तरी तांब्यात. एवढीच गोष्ट. मी ती ऐकली तेव्हा विचारलं होतं, "मामा, ह्यात होतं काय?" ते म्हणाले, "पाणी येतं."

एका चित्रावर दुसरं चित्र जुळवायचं तर खालून उजेड हवा. मामांनी एका पाटाला मधोमध चौकोनी भोक पाडून त्यात तसबिरीची काच बसवली, पाट चार विटांवर ठेवला आणि खाली न्हाव्याकडचा जुना आरसा तिरका लावला. ऊन आरशावर पडे, आरशातून काचेवर येई, आणि काचेवरचे दोन कागद एकच असल्यासारखे उजळत. पण ऊन एका जागी थांबत नाही. सकाळी पाट तुळशीपाशी, दुपारी मोरीच्या दगडाजवळ, उतरत्या उन्हात मागच्या दाराशी. आमचं सगळं घर त्या पाटामागे अंगणातून फिरे. भाजी निवडायची ती पाटाजवळ, माझा अभ्यास पाटाजवळ, आलेल्या माणसानं टेकायचं तेही पाटाच्या बाजूला, फक्त सावली न पाडता. ढग आला की मामा पेन्सिल खाली ठेवत आणि आम्ही तिघं वर बघत बसत असू. दोन वर्षं आमचा वेळ घड्याळात नव्हताच, त्या पाटाच्या जागेवर होता. आज कुणी मला सुख कसं असतं विचारलं, तर मला ढग सरकायची वाट बघणारी आम्ही तिघं आठवतो.

मामांचं चित्र फार देखणं असे, पण ते हलायला लागलं की मेल्यासारखं हले. थेंब खाली जाई, पण जिन्यावरून पोतं खाली यावं तसा. मामा महिनाभर हैराण होते. एक दिवस मामी पुरणाचे मांडे करत होती. आमच्याकडे मांड्याला लाटणं लागत नाही. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर घेऊन झुलवायची, एका हातावरून दुसऱ्या हातावर, वजनानं ती स्वतःच ताणत, लोंबत कोपरापर्यंत वाढते, आणि मग तापलेल्या उलट्या खापरावर अलगद सोडायची. मामी हात न थांबवता अंगणाकडे बघत म्हणाली, "तुमचा थेंब पडायच्या आधी लोंबत काहून नाही हो? सुटायला त्याला जड गेलं पाहिजे ना. आणि पडला की आधी पसरेल, मग गोळा होईल. एकदम गोल कसा?" मामांनी गळ्यावरून हात फिरवला. मग उठले, हात धुऊन आलेल्या मामीच्या हातात पेन्सिल दिली.

त्या दिवसापासून पहिलं आणि शेवटचं चित्र मामांचं, आणि मधली सगळी मामीची. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण वजन कुठे जातं ते तिच्या हातांना माहीत होतं. सातव्या कुंडीत चुन्याच्या थरावरून थेंब लोंबतो, ताणला जातो, वाटतं पडला, पण पडत नाही, जरा मागे आखडतो, आणि मग सुटतो. तेवढ्या प्रसंगावर ती चार महिने बसली होती. स्वयंपाक उरकून, केसांना कापड बांधून, एक डोळा मिटून. मी बाहेरून आले आणि मोठ्यानं बोलले तर हात वर करायची, थांब, सुटतोय.

कागद आणायचं काम माझं. पातळ आणि स्वस्त कागद बऱ्हाणपुरात मिळेना. नेपानगरला तेव्हा कागदाचा कारखाना नुकता सुरू होत होता, आणि तिथला सुरकुतलेला, कडेनं फाटलेला कागद लिलावात घेऊन विकणारा एक व्यापारी स्टेशनजवळ बसे. मी आणि मामा आगगाडीनं गेलो. मामांना मी बाकावर बसवून ठेवलं.

"ए बाई, हा कागद आहे, केळीचं पान नाही," व्यापारी माझा भाव ऐकून म्हणाला.

"पान असतं तर मी विचारलं तरी असतं का? आमच्या बागेत ते फुकट पडलंय."

"किसकी बेटी आहे ही? वकिलाची का?"

"कागद तुमचा चुरगळलेला आहे, ते सांगायला वकील कशाला?"

तो हसला, आणि जो माणूस हसतो तो खाली येतो, हे मी तिथं शिकले. परत येताना मामा गुंडाळी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "इंदू, तू नसतीस तर ही फिल्म झाली नसती." हे वाक्य मी फार वर्षं मिरवलं.

त्या काळात गावात रोज एकच चर्चा: आपण कुठे जाणार? खाली खानदेश मराठी बोलणारा, तो मुंबईकडे. वर सगळं हिंदी. काही म्हणत आपणही मुंबईकडे जाऊ, काही म्हणत छे, आपल्याला कोण विचारतं. मामांनी पहिलं चित्र काढलं तेव्हा आमची राजधानी नागपूर होती, शेवटचं काढलं तेव्हा भोपाळ. पाट मात्र अंगणातच फिरत होता. शाळेतले एक मास्तर चिडवायचे, "थेंब आता कोणत्या राज्यात आहे हो?" मामा खरंच विचार करून सांगत, "पाचव्या कुंडीत."

मुंबईच्या सरकारी फिल्म खात्याला मामांनी चित्रांचा एक गठ्ठा टपालानं पाठवला होता, सोबत दोन ओळींचं पत्र. खेड्यापाड्यांत दाखवायला त्यांना छोट्या फिल्म हव्या होत्या. उत्तर आलं: अधिकारी येऊन बघतील, पसंत पडलं तर चित्रं मुंबईला नेऊन कॅमेऱ्यावर घेतील. आम्ही सगळी चित्रं गठ्ठ्यांत बांधली, प्रत्येक गठ्ठ्याला सुती दोरा आणि वर प्रसंग नि चित्रांचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. शेवटचे दोन गठ्ठे नावांचे होते, ‘नाव एक’ आणि ‘नाव दोन’. ते मामांनी शाळेत बसून केले होते, एकट्यानं. पहिल्यावर त्यांचं स्वतःचं नाव असणार हे मला माहीत होतं. दुसरा हेडमास्तरांच्या आभारांचा असेल असं मी धरून चालले. मामा कुणाचेही आभार मानत.

प्रधान नावाचे ते साहेब सकाळच्या गाडीनं आले. गोरे, थकलेले, सौम्य. मामीनं मांडे केले होते. साहेबांनी दोन खाल्ले, मग गठ्ठे एकेक करून अंगठ्यानं सोडून पाहू लागले. सातव्या कुंडीपाशी त्यांनी गठ्ठा पुन्हा सोडला. मग पुन्हा. "मधली चित्रं कोणाच्या हातची?" त्यांनी विचारलं. मामांचा हात गळ्याकडे गेला. आतून मामीचा आवाज आला, "घरचीच आहेत हो." साहेब म्हणाले, "वा," आणि पुढचा गठ्ठा उचलला.

नावांचे दोन गठ्ठे सोडून सगळं बघून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "मास्तर, काम उत्तम आहे. पण लांबी जास्त आहे. फिल्मची पट्टी चारशे ऐंशी फूट होते. मला चारशे वीसच्या आत हवी."

एका फुटाला आमची आठ चित्रं जात. साठ फूट म्हणजे काय ते मी डोळ्यांपुढे पाहिलं. माझं डोकं तापलं. मी दारातून पुढे येऊन पाटापाशी बसले.

"साठ फूट? दोन वर्षं बसलेत हे लोक. चारशे सत्तर घ्या."

"अगं मुली, हे कापड नाही."

"नाही ना? मग फुटावर का मोजता?"

मामांनी कपाळाला हात लावला, पण साहेब हसले. हसले म्हणजे खाली येणार. आम्ही तासभर बोललो. मी एकदा उठून आत गेले, एकदा गठ्ठे परत बांधायला लागले. शेवटी ते चारशे पन्नासवर आले आणि तिथून हलेनात. तीस फूट काढायचे. बारा डोंगराच्या चित्रांतून काढले, बारा शहरातल्या बाजाराच्या. राहिले सहा.

"हे सहा सातव्या कुंडीतून काढू," साहेब म्हणाले. "सुंदर आहे, पण थेंब पडायला फार वेळ घेतो."

"त्याला हात लावायचा नाही."

"मग कुठून?"

मी चिठ्ठ्यांवरून नजर फिरवली. ‘नाव दोन’. बरोबर सहा फूट. मला आठवतं, माझ्या अंगातून आनंदाची लहर गेली, जशी भाव जुळताना अजूनही जाते. मी तो गठ्ठा उचलून बाजूला ठेवला. "हे घ्या. झाले सहा."

"इंदू," मामा म्हणाले. "ते... ते राहू दे ना. ते जरा..."

"मामा, तुम्ही मध्ये बोलू नका."

"एकदा बघून तर घेऊ," साहेबांनी गठ्ठ्याकडे हात केला.

"नावं बघून काय करायचंय साहेब? ठरलं की नाही ते सांगा."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी तोंड उघडलं. आतल्या दारात मामी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, कपाळावर घाम, काय ठरतंय ते ऐकत. मामांनी तिच्याकडे पाहिलं, गळ्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मान हलवून हो म्हटलं. मी जिंकले होते. मामीनं मला आत ओढून जवळ घेतलं. "माझी कुंडी वाचवलीस गं पोरी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन राजघाटावर गेले तर मामा खालच्या पायरीवर बसलेले. तापीच्या पात्रात कोरलेला दगडी हत्ती पोटापर्यंत पाण्यात होता, आणि धुकं अजून उठायचं होतं. मामांच्या हातात दोरा बांधलेला गठ्ठा. आमच्याकडे अक्षर लिहिलेला कागद चुलीत घालत नाहीत, रद्दीतही देत नाहीत. ती सरस्वती, तिला तापीत सोडायचं. त्यांनी दोरा सोडला आणि मूठभर कागद पाण्यावर ठेवले, फुलं सोडावीत तसे.

"हेडमास्तरांचे आभार बुडवताय होय?" मी हसत म्हटलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या मामीचं नाव होतं." त्यांनी आणखी मूठभर कागद सोडले. "तोंडानं घ्यायला कधी जमलं नाही. म्हटलं, पडद्यावर घेऊ. सगळ्यांसमोर. मधली चित्रंसुद्धा मीच काढली, ती काढते तशी. अठ्ठेचाळीस."

"तर मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी ओरडले. पलीकडच्या बायका बघायला लागल्या. "काल तोंड होतं ना तुम्हाला?"

"ती दारात उभी होती गं. तिची कुंडी जात होती."

मी धुणं टाकून पाण्यात उतरले. माझं लुगडं कमरेपर्यंत भिजलं. दोन कागद हाताला लागले. पण तो नेपानगरचा फाटका कागद, मीच घासाघीस करून आणलेला. पाणी लागलं की त्याचा लगदा होतो. माझ्या मुठीत करडा चिखल उरला, आणि त्यात एक रेघ, कशाची ते ओळखू आलं नाही. मामांनी मला हात धरून वर घेतलं. "तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "घरात ठेवलं असतं तर तिच्या हाती लागलं असतं. मग कापलं गेलं हेही कळलं असतं."

फिल्म लागली ती आमच्याच गावच्या थेटरात, मोठ्या सिनेमाच्या आधी, दुपारच्या खेळाला. मी आणि मामी वर बायकांच्या सज्जात, मामा खाली खुर्च्यांत. थेंब निघाला, डोंगर उतरला, जमिनीत शिरला. विड्या ओढणारं, दाणे फोडणारं थेटर हळूहळू गप्प होत गेलं. सातव्या कुंडीत तो लोंबला, ताणला, मागे आखडला. सुटला तेव्हा खालून एक माणूस "हां!" म्हणाला आणि सगळे हसले, टाळ्या पडल्या. मामी माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. मग मामांचं नाव आलं, सरळ, ताठ अक्षरांत. मग खात्याचं. मग मोठा सिनेमा सुरू झाला. मामी पडद्याकडे बघतच राहिली, जरा जास्त वेळ, जसं अजून काही यायचं आहे. टांग्यात म्हणाली, "यांचं नाव किती छान दिसलं, नाही?" मी म्हटलं, "हो." मामा टांगेवाल्याशेजारी पुढे बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मामांनी पुढे आणखी तीन फिल्म केल्या. त्यांत मामीचा हात आहेच, आणि नाव एकीतही नाही. मी मामांना किती सांगितलं, पण ते दर वेळी गळ्यावरून हात फिरवत. दुसऱ्यांदा ते धाडस त्यांच्यानं झालं नाही. मला राग आला की तो कुठेतरी काढावा लागतो. चाळीस वर्षं मी मामीच्या माघारी ज्याला त्याला सांगत आले, की मुंबईच्या त्या साहेबानं माझ्या मामीचं नाव खाल्लं. लग्नांत सांगितलं, दुकानांत सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. लोक चुकचुकत. प्रधान साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी ठरल्याप्रमाणे सातवी कुंडी अख्खी ठेवली, एक चित्रही कमी केलं नाही. त्यांच्याविरुद्ध बोलताना मला फार बरं वाटायचं.

मामा गेल्यावर मामी माझ्याकडे राहायला आली. खाली वह्या शिवायची यंत्रं चालत, वर माडीवर तिची खाट. ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. वीज गेली, यंत्रं थांबली, आणि घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं. मामी जागी होती. मी तिचे पाय दाबत होते, आणि कसं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. नाव दोन, सहा फूट, मामांनी उघडलेलं तोंड, राजघाट. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे गं, नावात काय आहे. म्हाताऱ्या बायका म्हणतात तसं. ती छताकडे बघत होती.

"मला हवं होतं गं ते," ती म्हणाली.

मी पाय दाबत राहिले.

"कसं येत होतं?" तिनं विचारलं. "तू पाहिलंस ना? कसं काढलं होतं यांनी?"

मी पाहिलं नव्हतं. एक चिखल सोडून मी त्यातलं काही पाहिलं नव्हतं. धंद्यात मी न पाहिलेल्या मालाबद्दल कधी बोलत नाही. पण मी म्हटलं, "आधी पडदा नुसता पांढरा. मग वरून एक थेंब येतो. लोंबतो. सुटत नाही लवकर."

"मग?"

"मग पडतो, पसरतो, आणि त्यातून पाणी वाहत जातं, खाली, मग वर वळतं. आणि त्याचा म होतो. मथुरातला म."

आजवर तिच्यासमोर तिचं नाव इतकं मोठ्यानं कुणी घेतलं नसावं. मामीनं डोळे मिटले. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, खोटं पकडल्यावर येतं तसं.

"वर वळतं होय? एवढं यांना जमायचं नाही," ती म्हणाली. "बरं, थांबलीस काहून? पुढचं अक्षर सांग."